एमएच १३

आसरा चौकात, होटगी रोडच्या तोंडाला
सव्वीस वर्षं मी गाड्यांना नंबर दिले.
सगळ्यांचं आडनाव एकच, एमएच तेरा.
पुढचं ज्याच्या त्याच्या नशिबाचं.
कुणाला ४१४१ मिळाला तर त्याचं ‘दादा’ करून द्यायचो,
पोलिसानं पावती फाडली की माझ्या नावानं शिव्या.

लांब रेघ ओढताना श्वास धरायचा,
हे हमीद पेंटरनं शिकवलं, कन्ना चौकातल्या.
रेघ आणि दम बरोबर संपले पाहिजेत.
‘मधेच श्वास घेतलास तर ब्रश हलतो बे,
आणि पिवळ्यावरचं हललेलं काळं
आंधळ्याला पण दिसतं.’

दुकानापुढं नमुन्याचा पांढरा पत्रा.
सकाळी पुसायचो, अकराला पुसायचो,
दिवाळीनंतर उसाच्या गाड्या सुरू झाल्या की तासाला.
सिग्नलला थांबलेला ट्रक पहिल्या गिअरात उठला
की दुकानात दोन मिनिटं
भर दुपारी दिवेलागण.
फडकं घरी न्यायचो. राजमणी म्हणायची,
हे तेलकट हाय ओ, साबणाला दाद देत नाही.

पत्र्याला फडकं मारता येत होतं.

खोकला कधी आला ते सांगता येत नाही.
पाहुणा आला की तारीख लक्षात राहते.
हा भाडेकरूसारखा आला,
आधी एक ट्रंक, मग पलंग,
मग कधीतरी दाराला स्वतःचं कुलूप.
नव्या पेठेतून चालताना
मी आता दर सहाव्या दुकानापुढं थांबतो,
काचेतल्या चादरी बघितल्यासारखं करतो.
दुकानदार म्हणतात, या की आत.
आत तीन पायऱ्या असतात.

सिव्हिलमध्ये डॉक्टरनं विचारलं,
बिडी किती?
म्हटलं, रोज हजार.
त्यानं लिहून पण घेतलं.
अहो, बायको वळते.
तेंदूची पानं, तंबाखू, मांडीवर सूप, तीस वर्षं.
मी एक पण तोंडाला लावली नाही.
त्यानं हजार खोडलं, मग माझ्याकडं बघितलं.
मग काय करता?
मी खिडकीबाहेर बोट दाखवलं.
बाहेर एक बस वळत होती,
तिचा नंबर माझ्याच हातचा.

नळी तोंडात. मठपती सिस्टर ओरडतायत,
फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून,
सोडू नका हो बोद्दुल, अजून!
जसं काही मी जत्रेत फुगा जिंकणार आहे.
कागदावर दोन रेघा आल्या.
ठिपक्यांची माझ्या वयाच्या बिनदुखण्याच्या माणसाची,
खालची माझी.
दोन्हींच्या मधे केवढी जागा!
अख्खा आसरा चौक मावेल, सिग्नलसकट.
खाली आकडा छापलेला, एक्कावन्न.
म्हणजे शंभरातले, सिस्टर म्हणाल्या.
एवढ्या गाड्यांना मी नंबर दिले,
मला कुणी द्यायचं राहिलं होतं.

गेलं ते येत नाही, डॉक्टर म्हणाला,
राहिलंय ते जपा. जागा बदला.
घर अक्कलकोट रस्त्याला, दुकान होटगी रोडला.
बदलून जाऊ कुठं,
तळ्यातल्या सिद्धरामेश्वराच्या शेजारी?

आता नंबर कंपनीतून ठोकून येतात,
सगळे एका साच्याचे, उठावाचे.
त्यांना ना ब्रश लागतो ना दम.
माझ्याकडं उरल्या हातगाड्या.
काल इरण्णा पेरूवाला आला, पाटी करून द्या म्हणाला,
काय बे अंबादास, दम लागलालाय का तुला?
नाही बे, ऊन हाय.

‘पेरू’ लिहिलं. वरची रेघ ओढायला घेतली,
हातभर सुद्धा नाही, वीतभर.
श्वास धरला.
‘पे’ ओलांडला, ‘रू’च्या अलीकडं
आतलं सगळं दार ढकलायला लागलं.
ब्रश उचलला. श्वास घेतला.
उरलेली रेघ परत तिथूनच धरली.

इरण्णानं पैसे दिले, पाटी लटकवली,
दोन पेरू जास्तीचे दिले.
त्याला दिसलं नाही.
रस्त्यापलीकडून मला दिसतंय,
तिथं जाड झालंय.